बळवंतरावांचे ब्रेक

रावपुऱ्यातल्या बळवंतराव शिर्क्यांची बायको त्यांच्या मागे बसत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सायकलवर नाही, स्कूटरवर नाही, आणि पुढे मोटारसायकल आली तिच्यावर तर नाहीच नाही. भांडण होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. वसुंधराबाई त्यांना वेळेवर चहा देत, शर्टाची तुटलेली बटणं लावून देत, संध्याकाळी शेजारी बसून टीव्हीवरच्या बातम्यांना नावंही ठेवत. पण मागे बसायचा विषय निघाला की एकच वाक्य, "तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षानं येते."

त्यामुळे कुणाच्या लग्नाला हे जोडपं निघालं की बघण्यासारखं असायचं. पुढे स्कूटरवर कडक इस्त्रीतले बळवंतराव, मागून रिक्षात शालू नेसलेल्या वसुंधराबाई. रिक्षा सिग्नलला अडकली की बळवंतराव कडेला थांबायचे. रिक्षा पुढे सटकली की घाईघाईनं तिला गाठायचे, कारण हॉल नक्की कुठे आहे हे बाईंनाच माहीत. एखाद्या नवख्या रिक्षावाल्याला वाटायचं, हा म्हातारा बाईंच्या मागावरच आहे. एकानं तर रिक्षा आडवी घालून त्यांना गुजरातीत सुनावलं होतं, "काका, उंमरनी तो शरम राखो." ते माझे यजमान आहेत, असं वसुंधराबाईंनी त्याला सांगितलं खरं, पण जरा सावकाशीनं सांगितलं.

ह्या सगळ्याचं मूळ लग्नाच्या पहिल्याच महिन्यात होतं. बळवंतरावांच्या वडिलांची एक विलायती सायकल होती, काळीभोर, उंच, बसल्यावर माणूस आपोआप ताठ होईल अशी. आताच्या सायकलींना ब्रेकची तार असते. हिला तारेऐवजी सळया होत्या. हँडलखालचा दांडा ओढला की सळई वर उचलली जायची, सळईच्या टोकाला यू अक्षरासारखा वळवलेला लोखंडी चिमटा, चिमट्याच्या दोन पायांना दोन रबरं, आणि ती रबरं चाकाच्या रिमला आतल्या बाजूनं जाऊन चिकटायची. की सायकल थांबली. साधी गोष्ट आहे. फक्त एक होतं, ती रबरं रिमला जरा जरा घासायची आणि कुईं कुईं असा आवाज यायचा.

आता तुम्हीच सांगा, मागे नवी नवरी बसलेली, अंगावर तिच्या माहेरची पैठणी, आणि खालून सारखं कुईं कुईं. बळवंतरावांना ते काही सहन होईना. निघायच्या आधी त्यांनी पाना घेतला, नट सैल केले, रबरं रिमपासून चांगली दूर केली. आवाज गेला. ब्रेकही गेले, पण त्याचा विचार त्यांनी प्रतापनगरच्या पुलावर चढेपर्यंत केला नव्हता. पुलाच्या माथ्यावर पुढचा उतार दिसला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मागून वसुंधराबाईंनी विचारलं, "काय झालं हो?" बळवंतराव म्हणाले, "काही नाही, घट्ट धर. वारा आहे."

वारा कसला, झुळूकही नव्हती. उताराच्या पायथ्याशी सेव-उसळीची लारी, म्हणजे हातगाडी, उभी होती. तिला ह्यांनी नेमकी मधोमध गाठली. दैव बलवत्तर म्हणून कुणाला काही लागलं नाही. पण उसळीचं भलं मोठं पातेलं आडवं झालं आणि वरची लाल तर्री पैठणीच्या पदरापासून काठापर्यंत अशी काही पसरली की नवी नवरी घरी आली ती गल्लीतल्या कुत्र्यांचा लवाजमा घेऊनच. घरी वडील काठी घेऊन उभे. काठी बघितल्यावर बळवंतरावांनी नट सैल केल्याचं सगळं घडाघडा सांगून टाकलं, आणि नव्या सूनबाईंनी ते दाराआडून ऐकलं. वडिलांनी ब्रेकचे वाकलेले चिमटे उपसून भंगारवाल्याला देऊन टाकले. ज्याला ब्रेक सांभाळता येत नाहीत त्याला ब्रेक हवेत कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. सायकल मागच्या बोळात खुंट्यांना टांगली गेली ती गेलीच.

गंमत बघा, की पुढे हाच माणूस वाघोडियाच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर झाला आणि तिथं त्याच्या हाताला तोड नव्हती. केसाएवढा फरक त्यांना बोटाच्या टोकाला कळायचा. आणि कळला की ते तिथल्या सगळ्यांना बोलावून सांगायचे. विनय हा गुण शिर्क्यांच्या घराण्यात फारसा उतरलेला नव्हता. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार, त्यांची तलवार अजून घरात, आणि पणजोबांच्या घोड्याचं नाव बळवंतरावांना पाहुण्यांच्या नावांआधी आठवायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत वाईस, ड्रिल आणि एक छोटं लेथ मांडलं होतं. गल्लीतल्या कुकरच्या दांड्यांपासून देवळाच्या घंटेपर्यंत सगळं दुरुस्त व्हायचं. बाहेर एवढा मान, पण घरची बाई मागच्या सीटवर बसायला तयार नाही. हे त्यांना जन्मभर डाचत होतं. ते कुणाजवळ बोलत नसत, पण कुणी जोडपं स्कूटरवरून गेलं की त्यांची मान आपोआप वळायची आणि नजर मागच्या सीटवर जायची.

आणि मग त्यांच्या मुलीनं, संयोगितानं, काडी टाकली. ती सासरी, अलकापुरीला असते आणि तिथल्या एका सायकल क्लबात जाते. एका रविवारी जेवायला आली आणि वरण-भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, दसऱ्याला सकाळी आमच्या क्लबची फेरी आहे. जुन्या सायकली, आणि डबलसीट. जोडीनं यायचं. बोळातली आजोबांची सायकल काढा ना."

बळवंतरावांनी पानातून नजर वर केली ती थेट बायकोकडे. वसुंधराबाई म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. समोरचा मुलगा खोटं बोलतोय का हे त्यांना तो तोंड उघडायच्या आधी समजायचं. त्यांनी शांतपणे कोशिंबीर वाढली आणि म्हणाल्या, "ब्रेक लावून दाखवा. बसेन."

संयोगिताचा घास हातात राहिला. बळवंतरावांनी तर पुढचा भात कशाबरोबर खाल्ला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जेवण होताच त्यांनी शिडी लावून सायकल खाली घेतली.

चाकं, साखळी, सीट हे सगळं फार अवघड गेलं नाही. अडलं ते ब्रेकपाशी. खंडेराव मार्केटच्या मागे ठाकोरभाईंचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ठाकोरभाई म्हणजे बळवंतरावांचे शाळेपासूनचे मित्र, मनानं दिलदार, पण त्यांच्या तोंडी एक शब्द कायमचा बसलेला, 'चालशे', म्हणजे चालेल. नट बसत नाही? चालशे. रंग वेगळा आहे? चालशे. त्यांनी आतून हल्लीच्या सायकलचा एक चिमटा शोधून आणला. तो सायकलला लावला तर दोन बोटं आखूड, आणि आटे तर अजिबात जुळेनात. विलायती सायकलचे आटे निराळे, आपल्याकडचे निराळे. नट दीड फेरा फिरायचा आणि अडून बसायचा.

"बळवंतभाई, वर थोडा दोरा गुंडाळ ने," ठाकोरभाई म्हणाले. "चालशे."

"ठाकोरभाई, ह्या ब्रेकवर माझी बायको बसणार आहे."

ठाकोरभाईंनी चिमटा मुकाट्यानं परत डब्यात टाकला. त्यांनाही ती पैठणीची हकीकत माहीत होती. ते म्हणाले, "मग तर तूच बनव."

झालं, बळवंतराव कामाला लागले. आधी तारेचा नमुना करायचा होता. चिमट्याचा बाक नेमका कशावर वळवावा ह्याचा शोध घेता घेता त्यांना वसुंधराबाईंचं लाटणं सापडलं. गोलाई अगदी जशीच्या तशी. तार त्याच्यावर आवळून आवळून वळवली, नमुना छान झाला, आणि लाटण्याला वळ पडले. त्या रात्रीच्या पोळ्यांवर एका रांगेत बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या. वसुंधराबाईंनी एक पोळी दिव्यासमोर धरून निरखली आणि दुसऱ्या दिवशी नवं लाटणं आणलं. जुनं त्यांनी वाईसशेजारी नेऊन ठेवलं. बळवंतरावांनी ह्याचा अर्थ पाठिंबा असा घेतला.

पहिला जोड त्यांनी स्टेनलेसचा केला. इथं त्यांचा स्वभाव नडला. चांगली जाड लोखंडी सळई हाताशी असताना ह्यांनी बारीक स्टेनलेसची घेतली, कारण ती चमकते. पॉलिश असं मारलं की त्यात मिशी कोरता यावी. सायकलला लावून गल्लीत सगळ्यांना दाखवून आणलं. मग ओट्यासमोर सायकलवर बसून त्यांनी जोरात ब्रेक ओढला, तशी चिमट्याचे पाय फाकले, रबरं रिम सोडून बाहेर गेली, आणि सायकल आपली निवांत पुढे जाऊन विजेच्या खांबाला टेकली. ओट्यावर वसुंधराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, खांबाकडे बघितलं, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. बळवंतरावांनी तो जोड काढून रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात टाकला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

मग मात्र त्यांनी मिजास बाजूला ठेवली. वाघोडियाला त्यांचा जुना सहकारी विश्वंभर ह्याची शेड आहे, तिथं भट्टी आहे. दोघांनी जाड सळई लाल करून साच्यावर वळवली. एक पाय किंचित लांब झाला, तर दुसरी वळवली. ती वळली, पण गार होताना मुरडली. तिसरी जमली, मग तशीच आणखी एक वळवली. आटे पाडायला बळवंतरावांनी सायकलचा मूळ नट खिशात घालून नेला होता. लेथवर एकेक पदर काढायचा, नट लावून बघायचा, पुन्हा पदर काढायचा. विश्वंभर कंटाळून म्हणाला, "अरे, विमानाचं काम आहे का हे?" बळवंतराव म्हणाले, "विमानात ती माझ्यामागे थोडीच बसणार आहे." शेवटी नट बोटांनी, कुठेही न अडखळता, शेवटपर्यंत फिरला. बळवंतरावांनी तो उगाचच चार वेळा काढला आणि चार वेळा लावला. सुख म्हणतात ते हेच असावं.

पण घरी परीक्षा बाकी होती. बाईंची जुनी सवय, उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवा. त्या म्हणाल्या, "मी बसायच्या आधी कॅरिअरवर माझ्या वजनाएवढं ओझं ठेवून थांबवून दाखवा."

आता ह्यात केवढा धोका होता ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. बळवंतरावांनी गव्हाची लहान गोणी उचलली. फार विचार करून, मुद्दाम लहान उचलली. वसुंधराबाईंनी गोणीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. मग आत जाऊन तांदळाची आणखी एक पिशवी आणली आणि स्वतःच्या हातांनी गोणीवर बांधली. "परीक्षेत कॉपी चालत नाही," त्या म्हणाल्या.

बळवंतराव गल्लीच्या टोकाहून निघाले. बाईंनी खडूनं रस्त्यावर रेघ मारली होती. गल्ली खिडक्यांत गोळा झाली. रेघेपाशी आल्यावर बळवंतरावांनी दांडे ओढले, चाकं जागच्या जागी धरली गेली, आणि सायकल रेघेवर अशी थांबली की गोणी हललीसुद्धा नाही. कुईं नाही, काही नाही. समोरच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. वसुंधराबाईंनी वाकून चाक आणि रेघ ह्यांच्यातलं अंतर बघितलं. "बरं आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे शाळेतल्या पोरांच्या लेखी पैकीच्या पैकी होतं. बळवंतरावांचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ते शिर्के. बायको मागे बसणार तर ब्रेक नुसते लोखंडी कसे ठेवायचे? त्यांनी ते काढले आणि निकेल चढवायला दिले. काम नवरात्रातलं, कारागिराचे कामगार गरबा खेळून दिवसा पेंगत होते, त्यामुळे आज देतो उद्या देतो करता करता जोड हातात आला तो थेट खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमी शिर्क्यांकडे म्हणजे काय विचारू नका. त्या दिवशी शस्त्रांची पूजा. पाटावर पणजोबांची तलवार, आणि तलवारीशेजारी बळवंतरावांची सगळी हत्यारं, कानशी, पाने, पकडी, व्हर्नियर, रांगेनं मांडलेली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. आणि बळवंतरावांचा वडिलांकडून आलेला दंडक असा की एकदा पूजेत बसलेली वस्तू दसऱ्याला सीमोल्लंघन करून, सोनं घेऊन घरी परत येईपर्यंत उचलायची नाही. कुणीही नाही, कशासाठीही नाही. ह्या दंडकापायी त्या घरानं काय काय सोसलं होतं. विळी आणि सुऱ्या पूजेत, म्हणून दरवर्षी त्या दिवशी वसुंधराबाई दुधी हातांनी मोडून शिजवायच्या. संयोगिताची कंपासपेटी एकदा पूजेत गेली आणि पोरीनं भूमितीचा गृहपाठ वाटी ठेवून वर्तुळं काढून केला. एका वर्षी तर टीव्हीचा रिमोटसुद्धा हत्यारच आहे असं बळवंतरावांनी ठरवलं, आणि पाहुण्यांसकट सगळ्यांना रात्रभर एकच चॅनेल बघावं लागलं. कुणी कुरकुर केली की ते तलवारीकडे बोट दाखवायचे.

तर त्या सकाळी निकेल चढवलेले ब्रेक हातात आले. काय तेज होतं त्यांना. बळवंतराव थेट पूजेसमोर गेले, तलवारीच्या मुठीजवळ ब्रेकचा जोड ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले, आणखी थोडे झेंडू वाहिले, आणि डोळे मिटून हात जोडले. पणजोबांची तलवार आणि पणतवाचे ब्रेक एका पाटावर. त्यांचा ऊर भरून आला. हात जोडलेले असतानाच त्यांना आठवलं की उद्या सकाळी फेरी आहे आणि सीमोल्लंघन संध्याकाळी.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. स्वयंपाकघरातून दुधी मोडल्याचा आवाज येत होता.

दसऱ्याच्या सकाळी ठाकोरभाई फाफडा-जिलेबीचा पुडा घेऊन आले, तर बळवंतराव मागच्या खोलीत बिनब्रेकच्या सायकलसमोर मांडी घालून बसलेले. त्यांनी सगळं सांगितलं. ठाकोरभाईंनी फाफडा मोडून तोंडात टाकला.

"एमां शुं, त्यात काय? उचल ने. देव काय बघायला बसला आहे?"

"देवाचं सोड. चाळीस-बेचाळीस वर्षं मी हिला दुधी हातानं मोडायला लावलाय. आज माझी गरज आली आणि मी उचलू? कुठल्या तोंडानं?"

हे ठाकोरभाईंनाही पटलं. ते जरा विचारात पडले, आणि तेवढ्यात त्यांची नजर बिस्किटांच्या डब्यावर गेली. झाकण उघडून त्यांनी तो पहिला स्टेनलेसचा जोड बाहेर काढला. लखलखत होता. निकेलवाल्या जोडापेक्षाही जास्त.

"हे लाव," ते म्हणाले. "दिसायला तेच. इथून फेरी निघते त्या सूरसागर तळ्यापर्यंत सगळा सपाट रस्ता. भाभींना कुठे कळणार आहे? चालशे."

बळवंतरावांनी तो जोड हातात घेतला. त्यांची स्वतःची हत्यारं सगळी पूजेत, म्हणून ठाकोरभाईंच्या स्कूटरमधली पकड मागून घेतली. नट आवळले. सायकल मागे सरकवून बघितली. अगदी तेच दिसत होतं, कुणी सांगितल्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. एवढ्या वर्षांत बाई पहिल्यांदा तयार झाल्या होत्या. आज नाही म्हटलं तर त्या पुन्हा कधी हो म्हणतील ह्याचा काही भरवसा नव्हता. बळवंतरावांनी सायकल दाराशी आणून लावली. ठाकोरभाई ओट्यावर बसून जिलेबी खात होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

वसुंधराबाई बाहेर आल्या. हिरवी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांत शेवंती. पायांत चपलांऐवजी बूट, म्हणजे बाईंनी पूर्ण तयारी केली होती. त्यांनी सायकलला एक चक्कर मारली. पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं.

"ब्रेक लागतात ना?" त्यांनी विचारलं.

'हो' हा केवढासा शब्द. बळवंतरावांच्या अगदी ओठांवर आला होता. ते तो म्हणणारच होते. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या नुसत्या उभ्या होत्या, पदर खोचून, निघायला तयार.

"नाही," ते म्हणाले. "वसू, हे ब्रेक नुसते दिसायला आहेत. खांबावर गेलो होतो ना, ते हे. ओढले की फाकतात. खरे पूजेत आहेत, मीच ठेवले, माझ्याच हातानं. आता संध्याकाळशिवाय काढता यायचे नाहीत." मग म्हणाले, "तू बसू नकोस. मी संयोगिताला फोन करून सांगतो, आम्ही येत नाही."

बळवंतरावांना वाटलं, संपलं. आता उरलेला जन्म रिक्षा.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "काल समईत तेल घालताना झेंडूखाली बघितले मी."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं." त्यांनी खोचलेला पदर उगाच पुन्हा एकदा खोचला. "तुम्हाला वाटतं मी पडले म्हणून बसत नाही. पडल्याचं काही नव्हतं हो. पैठणी धुतली, डाग निघाला. त्या दिवशी पुलावर मी विचारलं, काय झालं, आणि तुम्ही म्हणालात वारा आहे. ब्रेक नाहीत एवढं म्हणाला असतात तर दोघं उतरलो असतो, गप्पा मारत चालत आलो असतो. एवढी वर्षं मी ह्याच एका गोष्टीवर रागावले होते, आणि तुम्ही कधी विचारलंही नाहीत."

बळवंतरावांचे डोळे भरून आले होते, आणि रुमाल नेमका दुसऱ्या पँटमध्ये राहिला होता. ठाकोरभाईंनी जिलेबीचा कागद पुढे केला, तो तेलकट होता, तो त्यांनी तसाच परत केला.

"चला," बाई म्हणाल्या.

"अगं, पण ब्रेक?"

"पायांनी थांबवा. सपाट तर आहे. फक्त एक, पुढे जे काही येईल ते मला सांगायचं. लपवायचं नाही." आणि त्यांनी कॅरिअरवर हात टेकला, आधी एक बाजू, मग दुसरी बाजू सावरून, आणि बसल्या.

सायकल जड झाली. ते वजन मागच्या चाकावर आलेलं बळवंतरावांना हँडलपर्यंत जाणवलं. गोणीपेक्षा निराळं होतं. त्यांनी हळूच पायडल मारलं, आणि गल्लीतून बाहेर पडता पडता घसा साफ करून सुरुवात केली.

"खड्डा आहे. डावीकडून घेतो. स्कूटरवाला येतोय, तो थांबेल असं वाटत नाही. नाही थांबला. पुढे गाय आहे, बसलेली आहे. रस्त्यावर झेंडू सांडलेत, घसरेल, पाय टेकतोय. टेकला. आता रिक्षा, उलटी येतेय. कुत्रा. दुसरा कुत्रा. आता थोडा, अगदी थोडा उतार आहे, घाबरू नकोस, म्हणजे मीच घाबरलोय जरा, खरं सांगतो..."

झेंडूचे हार आणि आपट्याची पानं विकायला बसलेल्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. हा बुटाची टाच घासत, ओरडत जाणारा म्हातारा आणि मागे ताठ बसलेली हिरव्या साडीतली बाई, हे नक्की काय आहे ते कुणाला कळेना. समोरून फेरीतल्या सायकली परत येत होत्या, म्हणजे फेरी एव्हाना संपलीही होती. त्यांत संयोगिता होती. आईला मागे बसलेली बघून ती सायकल कडेला घेऊन उभीच राहिली.

"समोर संयोगिता आहे," बळवंतरावांनी जाहीर केलं. "तिच्यामागे टेम्पो आहे. टेम्पोत केळी आहेत. बहुतेक कच्ची..."

"अहो," मागून वसुंधराबाई म्हणाल्या, "पुरे आता. मला दिसतंय. तुम्ही चालवा."

बळवंतराव गप्प झाले आणि सायकल चालवू लागले.